रक्तसंक्रमण समितीत वॉर्डातली सिस्टर हवी, आणि रुग्णही



तुमच्यापैकी अनेकांनी हे केलेलं असेल. घरातलं कुणीतरी ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात, "हिमोग्लोबिन कमी आहे, रक्त लावावं लागेल." तुमच्या हातात एक फॉर्म येतो, जांभळ्या बुचाची एक छोटी नळी येते. ती शर्टाच्या खिशात टाकून तुम्ही मोटारसायकलवरून रक्तपेढीत जाता, दोन तास बाकावर बसता, आणि मग थर्मोकोलच्या डब्यात, कधी कधी तर नुसत्या कॅरीबॅगेत, पिशवी घेऊन परत येता. एका कागदावर सही करता. पिशवी स्टँडला लागते, थेंब पडायला लागतात आणि तुमचा जीव भांड्यात पडतो.

आता एक प्रश्न. या प्रवासात काही चुकू नये हे बघण्याची जबाबदारी कोणाची?

"रक्तपेढीची," असं बहुतेक जण म्हणतील. अर्धंच बरोबर. रक्तपेढीवर (सरकारी कागदांत आता तिला 'रक्तकेंद्र' म्हणतात) कायद्याची चांगली पकड आहे. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल दिला. त्यातून राष्ट्रीय आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदा उभ्या राहिल्या, परवान्याशिवाय रक्तपेढी चालवणं बंद झालं आणि पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते हद्दपार झाले. आज प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, कावीळ ब, कावीळ क, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच आजारांसाठी तपासणी सक्तीची आहे. फ्रीजचं तापमान, तंत्रज्ञाची पात्रता, नोंदवह्या, सगळं तपासायला औषध निरीक्षक येतो.

पण हा निरीक्षक रक्तपेढीच्या खिडकीपर्यंतच येतो. पिशवी खिडकीतून बाहेर पडली की पुढे ती किती वेळ टेबलावर पडून राहिली, कोणाला लागली, मुळात लागायला हवी होती का, हे त्याच्या कक्षेत येत नाही. खिडकीपासून खाटेपर्यंतचा हा टापू ज्यांच्या भरवशावर सोडला आहे त्यांचं नाव 'रुग्णालय रक्तसंक्रमण समिती'. रक्ताच्या वापराला मार्गदर्शन करायला, त्यावर लक्ष ठेवायला आणि त्याचा हिशेब तपासायला अशा समित्या रुग्णालयांत असाव्यात, असं २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणात म्हटलं आहे. रुग्णालयाला मानांकन हवं असेल तर समिती दाखवावीच लागते.

दाखवावी लागते, म्हणून दाखवली जाते. माझं भांडण इथूनच सुरू होतं.

तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये अशा समित्यांची अनेक इतिवृत्तं माझ्या नजरेखालून गेली. तीन महिन्यांतून एकदा बैठक. अध्यक्ष म्हणून वैद्यकीय संचालक, म्हणजे बऱ्याचदा मालक किंवा मालकांचा उजवा हात. सचिव रक्तपेढीचे अधिकारी. मेडिसिन आणि सर्जरीचे विभागप्रमुख. ते स्वतः आले नाहीत तर त्यांच्या वतीने जो मोकळा असेल तो. क्वालिटी मॅनेजर, कारण फाइल त्यांना जपायची असते. आणि मेट्रन, ज्यांच्या नावापुढे फक्त सही असते. निर्णय: 'मागील तिमाहीत रिॲक्शनची एकही नोंद नाही. कामकाज समाधानकारक.' चहा. संपलं.

या यादीत एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? गेल्या वर्षभरात स्वतःच्या हाताने रक्ताची पिशवी लावलेला एकही माणूस त्या टेबलाभोवती नाही.

याने काय बिघडतं? ते कळायला पिशवीचा रस्ता नीट पाहू. आधी कुणीतरी ठरवतं की रक्त द्यायचं. मग नमुना काढला जातो आणि नळीवर नाव लिहिलं जातं. मग रक्तपेढीत गट आणि क्रॉसमॅच होतो. मग पिशवी वॉर्डात येते. मग ती खाटेपाशी पडताळून लावली जाते. आणि मग कुणीतरी रुग्णाकडे लक्ष ठेवतं. सहा टप्प्यांपैकी फक्त एक रक्तपेढीच्या आत घडतो. उरलेले पाच बाहेर, आणि घोळ प्रामुख्याने तिथेच होतात. दोन खाटांचे नमुने एकदम काढून ट्रेमध्ये ठेवले आणि नावं नंतर टेबलावर बसून लिहिली. एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील. रात्री अडीचला 'अकरा नंबर'ची पिशवी आली, पण अकरा नंबरचा पेशंट संध्याकाळीच चौदा नंबरवर हलवला होता. ब्रिटनमध्ये १९९६ पासून रक्तसंक्रमणातल्या दुर्घटनांची देशभर नोंद ठेवली जाते. अलीकडच्या वर्षांत तिथल्या पाचपैकी चारहून जास्त नोंदी माणसाच्या हातून झालेल्या चुकांच्या आहेत. ना विषाणूच्या, ना दुर्मीळ प्रतिपिंडांच्या. चुकीची नळी, चुकीची खाट, राहून गेलेली पडताळणी.

आणि ही चूक साधी नसते. ओ गटाच्या माणसाच्या रक्तात ए आणि बी या दोन्ही गटांविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच तयार झालेली असतात. त्याला ए गटाचं रक्त लावलं तर ही प्रतिपिंडं आलेल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात, पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, लघवी लाल होते, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. त्यासाठी अख्खी पिशवी जावी लागत नाही, थोडंसं रक्तही पुरतं. म्हणूनच पहिली पंधरा मिनिटं रुग्णाजवळ थांबायचं, पिशवी सावकाश चालू ठेवायची आणि नाडी, ताप, रक्तदाब पुन्हा बघायचा, असा नियम आहे.

आता सांगा, ती पंधरा मिनिटं कोण थांबतं? संचालक? विभागप्रमुख? थांबतात त्या सिस्टर. किंवा थांबू शकत नाहीत, कारण रात्रपाळीला अख्खा वॉर्ड त्यांच्या एकटीच्या अंगावर असतो आणि तिकडे दुसऱ्या टोकाला कुणाची सलाईन संपलेली असते. दोन जणांनी मिळून पिशवी पडताळायची, असा नियम भिंतीवर लावलेला असतो. पण रात्री दुसरा माणूस आणायचा कुठून? मग दुसरी सही सकाळी होते. हे सगळ्या वॉर्डाला माहीत असतं. माहीत नसतं फक्त समितीला, कारण जिला माहीत आहे ती खोलीत नसते.

मेट्रन आहेत की, असं मला सांगितलं जातं. मेट्रनबद्दल मला आदर आहे, पण त्यांना खाटेपाशी उभं राहून बरीच वर्षं झालेली असतात, आणि ड्युटीचा तक्ता त्यांनीच लावलेला असतो. 'रात्री सिस्टर कमी पडतात' हे वाक्य त्यांनी संचालकांसमोर उच्चारणं म्हणजे स्वतःविरुद्धच तक्रार करणं. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्यक्ष वॉर्डात काम करणाऱ्या दोन सिस्टर समितीत हव्यात. एक बाळंतपणाच्या किंवा सर्जरीच्या विभागातली आणि एक रात्रपाळ्या करणारी. ब्रदर असतील तरी हरकत नाही. त्यांना फक्त 'उपस्थित' लिहू नका. विषयपत्रिकेतला पहिला विषय त्यांचा ठेवा: गेल्या तीन महिन्यांत खाटेपाशी काय अडलं?

त्यांच्या शेजारी एक निवासी डॉक्टर किंवा आरएमओ बसायला हवा. रक्ताच्या मागणीचा फॉर्म तोच भरतो, नमुना बऱ्याचदा तोच काढतो. फॉर्मवर 'अर्जंट' हा शब्द किती वेळा खरा असतो आणि किती वेळा सरांनी ओरडू नये म्हणून लिहिलेला असतो, ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. तिसरा, रक्तपेढीत रात्री काम करणारा तंत्रज्ञ. अर्धवट भरलेले फॉर्म आणि नाव नसलेल्या नळ्या खिडकीवर त्याच्यासमोर येतात. त्या परत पाठवायची त्याची छाती होते की वॉर्डातून फोन आला की तो मुकाट्याने घेतो, यावर उद्या कुणाचा तरी जीव अवलंबून असतो. आणि हो, पिशव्यांची ने-आण करणारे मामा किंवा मावशी. त्यांना दर बैठकीला नको, पण वर्षातून एकदा तरी बोलावून विचारा की पिशवी आणताना वाटेत आणखी किती कामं करावी लागतात. फ्रीजमधून बाहेर काढलेली तांबड्या पेशींची पिशवी अर्ध्या तासाच्या आत लावायला सुरुवात व्हावी आणि चार तासांत संपावी, असा दंडक आहे. वाटेत एक्स-रे विभागात आणि मेडिकल स्टोअरमध्ये थांबणाऱ्या मामांना हा दंडक कुणी समजावून सांगितला आहे का?

आता मोठ्या डॉक्टरांकडे वळतो. इथे मी माझ्या जातभाईंना सोडणार नाही.

रक्त सर्वात जास्त कोण वापरतं? स्त्रीरोगतज्ज्ञ, सर्जन, हाडांचे डॉक्टर, कर्करोगाचे आणि रक्तविकारांचे डॉक्टर, अतिदक्षता विभाग आणि आम्ही फिजिशियन. समितीत यांचे प्रतिनिधी नकोत, ते स्वतः हवेत. कारण समितीचं दुसरं मोठं काम 'रक्त नीट लावलं का' याहून अवघड आहे. ते म्हणजे 'रक्त लावायलाच हवं होतं का' हे विचारणं. आणि हे ज्याने लावलं त्याच्या तोंडावरच विचारावं लागतं.

उदाहरण घ्या. पावसाळा सुरू झाला की डेंग्यू येतो आणि डेंग्यूबरोबर प्लेटलेटची धावपळ येते. काउंट चाळीस हजार झाला की नातेवाईक घाबरतात, मग व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतात, दहा-दहा दाते गोळा होतात. खरं तर रक्तस्राव होत नसेल तर काउंट दहा हजारांच्या खाली जाईपर्यंत बहुतेक रुग्णांना प्लेटलेट देण्याची गरज नसते. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये सिंगापूर आणि मलेशियातल्या डॉक्टरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. डेंग्यूच्या ज्या प्रौढ रुग्णांचा काउंट वीस हजार किंवा त्याहून कमी होता, पण रक्तस्राव ठळक नव्हता, त्यांपैकी अर्ध्यांना प्लेटलेट दिल्या आणि अर्ध्यांना दिल्या नाहीत. प्लेटलेट देऊन रक्तस्राव कमी झाला नाही. दुष्परिणाम मात्र त्याच गटात जास्त झाले. तरीही आपल्याकडे तीस हजाराला प्लेटलेट लागतात. का? काही वेळा भीतीपोटी, काही वेळा नातेवाइकांच्या दबावाने, आणि काही वेळा 'काहीतरी केलं' हे दिसावं म्हणून. प्लेटलेट लावणाऱ्या फिजिशियनला हा प्रश्न समितीच्या टेबलावर विचारला गेला पाहिजे. तो तिथे हजरच नसेल तर त्याला काय, पत्र पाठवणार?

तीच गोष्ट एका पिशवीची. 'हिमोग्लोबिन आठ आहे, एक पिशवी लावून टाकू, बरं वाटेल.' प्रौढ माणसाचं हिमोग्लोबिन एका पिशवीने साधारण एकाने वाढतं. आठाचं नऊ झालं. त्याने नेमकं काय साधलं? १९९९ साली कॅनडात अतिदक्षता विभागातल्या ८३८ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर रक्त दिलं, दुसऱ्याला दहाच्या खाली गेल्यावर. तीस दिवसांच्या मृत्यूंमध्ये कमी रक्त मिळालेला गट मागे पडला नाही. हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण किंवा भळाभळा रक्त जाणारी बाळंतीण यांचा हिशेब अर्थातच वेगळा. तिथे हात आखडता घेणं धोक्याचं. पण पाळीत जास्त रक्त जाऊन हळूहळू आठावर आलेल्या, चालत-बोलत ओपीडीत आलेल्या बाईला लोह हवं असतं. गोळ्यांनी, आणि घाई असेल तर शिरेतून. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानेच दाखवलं आहे. त्या सगळ्यांना पिशव्या लावणार का? ऑपरेशनच्या तारखेच्या महिनाभर आधी हिमोग्लोबिन तपासून लोह सुरू केलं असतं, तर किती पिशव्या वाचल्या असत्या, हा प्रश्न भूलतज्ज्ञ विचारू शकतो, कारण ऑपरेशनआधी रुग्ण त्याच्याकडे तपासणीला येतो.

म्हणूनच अध्यक्ष कोण असावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. अध्यक्ष भूलतज्ज्ञ असावा. त्याला ऑपरेशन टेबलावर रक्त लागतं तेव्हा खरोखर लागतं आणि ताबडतोब लागतं; म्हणून त्याला रक्ताची किंमत कळते. सर्जनने सहा पिशव्या 'तयार ठेवा' म्हणून अडवल्या आणि एकही वापरली नाही, हे तो रोज बघतो. रक्तपेढीचे अधिकारी समितीचे सचिव हवेतच. त्यांच्याइतकं या विषयाचं ज्ञान रुग्णालयात कुणाला नसतं आणि सगळे आकडे त्यांच्याकडेच असतात. पण अध्यक्ष ते नकोत. एक म्हणजे 'रक्तपेढीची कटकट' म्हणून वॉर्डातले डॉक्टर त्यांचं ऐकत नाहीत. वॉर्डाच्या गोतावळ्यातल्याच माणसाने टोकलं तर ऐकतात. दुसरं थोडं अवघड आहे, पण बोललं पाहिजे. आपल्याकडे रक्त विकता येत नाही, फक्त प्रक्रिया शुल्क घेता येतं. तरी पिशवीमागे शुल्क येतं, आणि पिशव्या कमी वापरल्या की ते कमी होतं. सचिव कितीही सचोटीचे असोत, जिथे शुल्क जमा होतं त्याच विभागाला पिशव्या कमी करण्याच्या समितीचं प्रमुख करू नये. हाच न्याय मालक-संचालकांनाही. ते सदस्य म्हणून बसोत, कारण जादा सिस्टर आणि बर्फाचे डबे मंजूर करायला त्यांची सही लागते.

मग राहिला तो सदस्य, ज्याचं नाव काढलं की बैठकीत भुवया वर जातात. रुग्ण.

"डॉक्टर, समितीत पेशंट? त्यांना काय कळतं यातलं?" हा प्रश्न मला विचारला गेला आहे, तोही चांगल्या, शिकलेल्या डॉक्टरांकडून. माझं उत्तर: थॅलेसेमिया असलेल्या मुलाच्या आईला जाऊन भेटा. दर दोन-चार आठवड्यांनी तिचं मूल रक्त घेतं. म्हणजे मूल दहा वर्षांचं होईपर्यंत तिने शेकडो पिशव्या लागताना पाहिलेल्या असतात. पिशवी किती गार आहे हे ती हात लावून सांगते. कोणत्या रक्तपेढीची पिशवी लावल्यावर अंगावर गांध्या उठतात, फिल्टर लावला तर ताप येत नाही, नवीन सिस्टरला शीर सापडत नाही, एक्स्पायरीची तारीख कुठे छापलेली असते, हे सगळं तिला ठाऊक असतं. विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूरकडे, आणि इकडे नंदुरबारला सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांचंही तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे आजार दिव्यांगत्वात धरले आहेत. म्हणजे सरकारने त्यांना ओळख दिली. आपण एक खुर्ची देऊ शकत नाही?

आणि ही काही माझी भन्नाट कल्पना नाही. नव्या औषधाची रुग्णांवर चाचणी घ्यायची असेल तर आपल्याच देशात २०१९ च्या नियमांनुसार नैतिकता समिती लागते. तिच्यात किमान सात सदस्य असावेत, त्यांत एक सामान्य नागरिक असावा आणि निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे असावेत, असं बंधन आहे. तिथे कुणी विचारत नाही की सामान्य माणसाला औषधशास्त्र काय कळतं. चाचणीच्या औषधासाठी सामान्य माणूस चालतो, दुसऱ्या माणसाच्या शरीरातून काढलेल्या रक्तासाठी चालत नाही, हा कुठला न्याय?

रुग्णाचं न ऐकल्याने काय होतं, हे ब्रिटनने पाहिलं आहे. तिथे १९७० ते १९९० च्या सुरुवातीपर्यंत दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे तीस हजारांहून अधिक लोकांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिसची लागण झाली. सुमारे तीन हजार दगावले. त्यांत हिमोफिलियाची मुलं होती. सर ब्रायन लँगस्टाफ यांचा चौकशी अहवाल मे २०२४ मध्ये आला. त्यात काढलेला एक ठळक दोष असा की रुग्णांना धोक्याची माहिती दिली नाही आणि त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं नाही. विषाणूंच्या चाचण्या आता आल्या. ऐकायची सोय मात्र आपोआप येत नाही, ती करावी लागते.

गोपनीयतेचा मुद्दा काढला जातो. साधा आहे. समितीसमोर प्रकरणं नाव वगळून ठेवा, सदस्यांकडून गोपनीयतेचं पत्र घ्या. नैतिकता समितीत हेच होतं. रुग्ण-प्रतिनिधी मात्र हॉस्पिटलच्या ट्रस्टींचा मेहुणा नसावा, एवढं बघा.

कोण नसावं तेही सांगतो. रक्ताच्या पिशव्या, किट किंवा फिल्टर विकणाऱ्या कंपनीचा माणूस नसावा. आणि रक्तदान शिबिरांचे आयोजकही नसावेत. रागावू नका. शिबिरं भरवणाऱ्या गणेश मंडळांचे आणि कार्यकर्त्यांचे आपल्यावर उपकार आहेत. पण साहेबांच्या वाढदिवसाला एका दिवसात चारशे पिशव्या आणि मे महिन्यात, सगळे गावाला गेले की, ठणठणाट, हे दुखणं दात्यांच्या नियोजनाचं आहे. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. त्याचा विचार वेगळ्या टेबलावर व्हायला हवा. ही समिती रक्त कसं वापरायचं ते ठरवते.

माणसं बरोबर बसवली की प्रश्नही बरोबर पडतात. क्रॉसमॅच करून अडवलेल्या शंभर पिशव्यांपैकी प्रत्यक्षात किती लावल्या? पन्नासच्या आसपास किंवा जास्त असतील तर ठीक. पंचवीसच असतील तर कुणीतरी उगाच अडवून ठेवतं आहे आणि पलीकडच्या खाटेवरचा माणूस ताटकळतो आहे. एकेकट्या पिशव्या किती लागल्या? किती पिशव्या वॉर्डातून परत आल्या आणि फेकल्या? आणि रिॲक्शन किती? इथे एक गंमत आहे. 'शून्य रिॲक्शन' वाचून समितीला आनंद होतो. मला धडकी भरते. रक्त लावल्यावर ताप, थंडी, खाज, गांधी अशा सौम्य रिॲक्शन काही दुर्मीळ नाहीत. वर्षाला हजारो पिशव्या लागतात आणि रिॲक्शन एकही नाही, याचा अर्थ कुणी बघत नाही, किंवा बघतं पण लिहीत नाही. १० डिसेंबर २०१२ पासून देशात हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. रक्तसंक्रमणातल्या रिॲक्शन तिथे कळवता येतात, आणि हेतू शिक्षेचा नाही, शिकण्याचा आहे. पण वॉर्डात 'लिहिलंस तर मेमो मिळेल' असं वातावरण असेल तर सिस्टर एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन देऊन गप्प बसतात. त्याच सिस्टर समितीच्या सदस्य असल्या, आणि मेमो मिळणार नाही हे अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सांगितलं असलं, तर पुढच्या तिमाहीत आकडा शून्यावरून बारावर जाईल. तो बारा म्हणजे प्रगती.

"कामाच्या गर्दीत सिस्टरला बैठकीला सोडणार कोण?" हा आक्षेप मला माहीत आहे. तीन महिन्यांतून एकदा एक तास. मानांकनाच्या तपासणीआधी आठवडाभर त्याच सिस्टर फायली रंगवत बसतात, तेव्हा बरा वेळ मिळतो.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, तुम्ही मोठ्या हॉस्पिटलांच्या गोष्टी करता. आमच्या तालुक्याला वीस खाटांचं नर्सिंग होम आहे, रक्त जिल्ह्याहून येतं. बरोबर. तिथे समितीच नाही, आणि महाराष्ट्रात असंख्य पिशव्या अशाच ठिकाणी लागतात. सिझेरियननंतर रक्तस्राव सुरू झालेली बाळंतीण तिथेच असते, आणि तिचा नवरा नळी घेऊन एसटी स्टँडकडे पळत असतो. माझी सूचना अशी. जी रक्तपेढी अशा दहा-पंधरा नर्सिंग होमना रक्त पुरवते, तिने आणि तालुक्यातल्या डॉक्टरांच्या संघटनेने मिळून एक सामायिक समिती करावी. दोन स्त्रीरोगतज्ज्ञ, एक भूलतज्ज्ञ, एक फिजिशियन, वेगवेगळ्या नर्सिंग होमच्या दोन सिस्टर, रक्तपेढीचे अधिकारी आणि तालुक्यातला एक नेहमी रक्त घेणारा रुग्ण किंवा त्याचे पालक. पहिल्या बैठकीला एकच विषय पुरे: नमुना आणि पिशवी नातेवाइकांच्या खिशातून जाणं कसं थांबवायचं. एक माणूस, एक मोटारसायकल, तापमान राखणारा एक डबा. खर्च सगळ्यांत वाटून घेतला तर कुणाच्याही डोईजड होणार नाही.

तुम्ही वाचक म्हणून काय करू शकता? बरंच. रक्तासाठी संमतीपत्रावर सही मागितली की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: रक्त कशासाठी, लोह किंवा दुसरा काही पर्याय आहे का, आणि एका पिशवीनंतर पुन्हा तपासून दुसरीचं ठरवाल का. नमुना काढताना नळीवरचं नाव तुमच्यासमोर, खाटेपाशीच लिहायला सांगा. पिशवी लावताना रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याने आपलं पूर्ण नाव स्वतःच्या तोंडाने सांगावं; "तुम्ही सुनीता पाटील ना?" याला गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो. पिशवीवरचा गट आणि रुग्णाचा गट, पिशवीचा क्रमांक आणि क्रॉसमॅचच्या कागदावरचा क्रमांक, सिस्टर जुळवत असतील तर त्यांना बोलण्यात गुंतवू नका. सुरू झाल्यावर थंडी वाजली, कंबर किंवा छाती दुखली, शिरेत आग झाली, धाप लागली, लघवी लाल झाली, किंवा रुग्ण नुसताच "मला कसंतरी होतंय" म्हणाला, तरी लगेच सिस्टरना हाक मारा. पिशवी तिथल्या तिथे थांबवायची असते, सुई तशीच ठेवून सलाईन चालू करायची असते, आणि ती पिशवी फेकून न देता नव्या नमुन्यासह रक्तपेढीत परत पाठवायची असते.

आणि डिस्चार्जच्या वेळी अभिप्रायाचा फॉर्म देतात ना, कॅन्टीन कसं होतं, खोली स्वच्छ होती का? त्याच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहा: 'तुमच्या रक्तसंक्रमण समितीत कोण कोण आहे, त्यांत वॉर्डातली सिस्टर आणि रुग्ण आहेत का, कृपया कळवावे.' खाली फोन नंबर द्या. तुमच्या घरात थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा हिमोफिलियाचा रुग्ण असेल, तर विचारून थांबू नका. त्या खुर्चीसाठी स्वतःचं नाव द्या, वैद्यकीय संचालकांच्या नावाने, लेखी, आणि पोच घ्या.